पाण्याखालचे मुद्दल

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात चिंचोळी औद्योगिक वसाहत येते. टॉवेल आणि चादरींचे कारखाने, औषधे व रसायने यांचे प्रकल्प, वजनकाट्यापाशी उभ्या मालमोटारी आणि फाल्गुनापासून मृगापर्यंत डोळ्यांत जाणारी धूळ, असा हा परिसर. बँकेतील माझ्या सेवेची अखेरची वर्षे येथील उद्योजकांच्या खेळत्या भांडवलाचे प्रस्ताव तपासण्यात गेली. समुद्र येथून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा ठिकाणच्या माणसाने निवृत्तीनंतर मालवणच्या समुद्रात उतरून पाण्याखालची छायाचित्रे काढण्याचा नाद धरावा, हे ऐकून वसाहतीतील जुने स्नेही आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, ‘‘साहेब, यात मिळतं काय?’’ प्रश्न व्यापाऱ्याचा आहे आणि रास्त आहे. त्याचे उत्तर व्यापाऱ्याच्याच भाषेत देण्याचा हा प्रयत्न.

कॅमेऱ्याची आवड जुनी. नान्नजच्या माळरानावरचा माळढोक आणि हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी टिपण्यात माझे अनेक रविवार गेले. त्या छायाचित्रणाचा धर्म दूर राहण्याचा. पक्षी दोनशे पावलांवर, आपण झुडपामागे, हातात लांबलचक भिंग. पाण्याखाली हा सारा हिशेब उलटा होतो. तेथे दूरचे काहीच टिपता येत नाही. पाणी कितीही निवळ दिसले तरी त्यात रेतीचे आणि सूक्ष्म जीवांचे असंख्य कण तरंगत असतात. दोन हातांपलीकडच्या वस्तूचे चित्र धुक्यातून काढल्यासारखे येते. म्हणून विषयाच्या वीतभर जवळ जावे लागते, आणि जवळ जाऊनही त्याला धक्का लागू न देणे ही खरी कसोटी असते. माझा अनुभव असा की कॅमेरा महिनाभरात कळतो. पाण्यात एका जागी, वर न तरंगता आणि खाली न बसता, अधांतरी थांबणे कळायला दोन हिवाळे जावे लागले.

चिंचोळीहून मोहोळ, पंढरपूर, सांगोला, मिरज करीत कोल्हापूर गाठायचे. वाटेत आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे कुंभोजच्या बाहुबलीला थांबतातच. पुढे राधानगरीवरून फोंडा घाट उतरला की कणकवली आणि मग मालवण. बंदरावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले आणि १६६७ मध्ये पूर्ण झाले. इतिहासाच्या पुस्तकात आपण तटबंदी, शिसे ओतून घातलेला पाया आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी यांविषयी वाचलेले असते. परंतु या जागेची निवड करताना शिवाजी महाराजांनी जे हेरले, ते तटाच्या बाहेर आणि पाण्याच्या खाली आहे. बेटाभोवती बुडालेल्या खडकांचे जाळे पसरले आहे. वाट ठाऊक नसलेल्या शत्रूच्या गलबताला ते खडक फोडून काढीत. ज्या खडकांनी किल्ला राखला, त्याच खडकांवर आज प्रवाळ वाढलेले आहेत आणि त्यांच्या कपारींत शेकडो प्रकारचे जलचर राहतात. हा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातील गाभा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक.

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून घेतलेली बुडी. १९४३ मध्ये फ्रान्समधील कूस्तो आणि गान्यां या दोघांनी पाणबुड्याच्या श्वासाबरोबर हवा पुरविणारे यंत्र सिद्ध केले आणि सामान्य माणसाला समुद्राचे दार उघडले. पाण्याखालच्या छायाचित्राचा इतिहास त्याहून जुना आहे. लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ च्या सुमारास अवजड पोशाख घालून, धातूच्या पेटीत कॅमेरा बंद करून अशी चित्रे काढली. पहिले रंगीत चित्र १९२६ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळ निघाले. त्यासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड केला गेला. आज तळहातावर मावणारा कॅमेरा जलरोधक आवरणात घालून आपण तेच करतो. मात्र उजेडाची अडचण अजून तीच आहे. पाणी प्रकाशातील तांबडा रंग सर्वांत आधी शोषते. पाच-सहा मीटर खाली गेले की कुंकवासारखा लाल मासा राखेच्या रंगाचा दिसू लागतो. पाण्यातून पाहताना वस्तू आहे त्याहून सुमारे एक-तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ भासते, हे वेगळेच. म्हणजे डोळा रंगातही फसतो आणि मापातही. दिवा सोबत न्यावा लागतो, आणि तो भिंगाच्या शेजारी न धरता बाजूला, लांब धरावा लागतो. नाहीतर पाण्यातले कण उजळून चित्रावर बर्फ पडल्यासारखे ठिपके उमटतात.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथे आधी तलावात सराव, मग समुद्र असा क्रम असतो. साठी ओलांडलेल्याने डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. हृदयविकार, दमा, अनियंत्रित मधुमेह वा रक्तदाब असल्यास तर नाहीच. दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब जमिनीवरील दाबाच्या दुप्पट होतो. खाली जाताना नाक चिमटीत धरून कानांतला दाब सारखा करीत राहावे लागते, आणि वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि इजा होते. मला शिकविणारा मुलगा मालवणचाच, रापण ओढणाऱ्या घरातला. माझ्या मुलाहून लहान. पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहून एवढेच म्हटले, ‘‘काकानू, घाई करू नकात. समुद्र खंय जाणा नाय.’’ चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकी नेमकी सूचना मला कोणत्याही वरिष्ठाने दिली नव्हती.

तिथीचे भान येथे उपयोगी पडते. चतुर्दशी-पौर्णिमेला, तसेच अमावास्येला, उधाणाची भरती असते. पाणी जोराने आत-बाहेर करते आणि तळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, ओढ कमी असते आणि पाणी त्या मानाने निवळलेले मिळते. अष्टमीचा उपवास करणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. उपाशीपोटी आणि पाणी न पिता बुडी मारणे धोक्याचे, तेव्हा अष्टमी सोडून षष्ठी किंवा दशमी धरावी. जून ते पावसाळा संपेपर्यंत हे सर्व बंदच असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत मानवला.

आता खाली काय दिसते ते सांगतो. किल्ल्याच्या तटाखाली, साधारण सहा-सात मीटरांवर, एक उभा खडक आहे. त्याच्या आडोशाला एक मासा मला सलग दोन दिवस त्याच जागी दिसला. वीतभर लांब, अंगावर पाच उभे काळे पट्टे. इंग्रजीत त्याला सार्जंट मेजर म्हणतात. पट्ट्यांवरून सैन्यातील जमादाराचा हुद्दा बहाल झालेला. एरवी हे मासे थव्याने फिरतात आणि पाठीवर पिवळसर झाक असते. हा एकटा होता आणि त्याचा रंग निळसर काळा पडला होता. जवळून पाहिले तेव्हा खडकावर हाताच्या पंजाएवढा जांभळट डाग दिसला. ती अंडी होती, मोहरीहून बारीक, हजारोंनी चिकटवलेली. या जातीत अंडी राखण्याचे काम नराचे. अंडी फुटेपर्यंत काही दिवस तो जागा सोडत नाही. पंखांनी त्यांवर पाणी घालतो, खराब झालेली तोंडाने वेचून काढतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. माझ्या भिंगावरही त्याने दोनदा तोंड आपटले.

त्याचे चित्र मला हवे होते. मी थोडा मागे सरलो, खडकाच्या पातळीला आलो, श्वास संथ केला आणि थांबलो. चार-पाच मिनिटांनी त्याने माझी दखल घेणे सोडले व कामाला लागला. तोंडात एक पांढरे, निर्जीव अंडे धरून वळतानाचे त्याचे चित्र मिळाले. ते आज माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. एवढ्यात वरती दुसऱ्या कुठल्या तरी नावेचा घरघराट आला आणि पाण्यातून पावाचे तुकडे खाली येऊ लागले. पर्यटकाभोवती माशांचा घोळका जमावा, चलचित्रण रंगतदार व्हावे, म्हणून ही युक्ती केली जाते. थवा वर धावला. आमचा जमादार हातभर वर गेला, परत फिरला, पुन्हा गेला. तो दुसऱ्यांदा गेला त्या क्षणी कपारीतून तीन-चार लहान मासे निघाले आणि त्या जांभळ्या डागावर तुटून पडले. तो परतला तेव्हा डागाचा एक कोपरा साफ झाला होता. जे घडले ते अर्ध्या मिनिटात घडले.

हा प्रसंग मी येथे मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. मुक्या प्राण्यांना खाऊ घालणे ही आपल्या घराघरांतली रीत आहे. कबुतरांना दाणे, तळ्यातल्या माशांना कणकेच्या गोळ्या. मालवणला गेलेल्या आपल्या अनेक कुटुंबांनी त्याच भावनेने पावाचा पुडा सोबत नेलेला मी पाहिला आहे. हेतू निर्मळ असतो. परंतु समुद्रातल्या माशाला पावाची गरज नाही. कपारीतले पुष्कळ मासे खडकावरचे शेवाळ खाऊन जगतात आणि शेवाळ आटोक्यात राहिल्यामुळेच प्रवाळाला वाढायला जागा मिळते. पाव मिळू लागला की चार धीट जातींची गर्दी होते, बाकीच्या मागे हटतात, आणि ज्याच्यावर सर्वांची गुजराण तो खडक शेवाळाने झाकला जाऊ लागतो. ही जीवदया नव्हे.

आणि प्रवाळ हे काय प्रकरण आहे? आपल्या सराफी पेढ्यांना पोवळे नवे नाही. पण अंगठीतले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या, फांदीसारख्या प्रवाळाचे असते. मालवणचे प्रवाळ तसे नाही. ते दगडासारखे गोलाकार, पिवळट वा तपकिरी आणि बाजारात निरुपयोगी. बरेच झाले. जुन्या ग्रंथांत प्रवाळाची गणना मणिरत्नांबरोबर पृथ्वीकायात केलेली आढळते. आजचे जीवशास्त्र त्याला प्राणी म्हणते. असंख्य सूक्ष्म प्राणी एकमेकांना चिकटून, चुन्याचे घर बांधीत राहतात आणि त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले उन्हाच्या साहाय्याने त्यांना अन्न पुरवितात. जीव आहे याविषयी दोन्हीकडे एकमत आहे, आपल्याला तेवढे पुरे. अशा गोलाकार प्रवाळाची वाढ वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी. फूटभर उंचीचा गोळा म्हणजे तीस वर्षांची ठेव. नवख्या पर्यटकाने तोल सावरायला त्यावर पाय दिला किंवा नावेचा नांगर त्यावर पडला, तर ती ठेव एका क्षणात मोडते. कायद्यानेही याची नोंद घेतली आहे. असे सर्व दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालणे हा गुन्हा आहे.

बँकेची सवय म्हणून मी माझ्या बुड्यांची रोजकीर्द ठेवतो. तारीख, तिथी, खोली, पाण्याचे तापमान, दिसलेले जीव, आणि प्रत्येक नोंदीपुढे छायाचित्राचा क्रमांक. पाट्याएवढ्या आकाराचा एक प्रवाळ मी तीन हिवाळे त्याच कोनातून टिपला. पहिल्या वर्षी तो अखंड होता. दुसऱ्या वर्षी त्याच्या माथ्यावर रुपयाएवढे दोन पांढरे ओरखडे होते. तिसऱ्या वर्षी त्या ओरखड्यांच्या जागी हिरवे शेवाळ होते आणि ते तळहाताएवढे पसरले होते. तीन चित्रे शेजारी मांडली की कोणत्याही लेखापरीक्षकाला जे दिसायचे ते दिसते. नुसत्या डोळ्यांनी पाहून मी शपथेवर काहीच सांगू शकलो नसतो. सुंदर चित्रे पुष्कळ निघतात. तारीख घातलेले, त्याच जागेचे, दरवर्षीचे साधे चित्र त्यांच्याहून मोलाचे, असे माझे मत झाले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांवर तापमानवाढीचा आणि पर्यटनाचा काय परिणाम होतो याचा अभ्यास केला आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून तसेच आठवडेच्या आठवडे राहिले, की प्रवाळ आपल्यातली शैवाले बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लवकर थंडावा आला तर सावरतो, नाही तर उपाशी मरतो. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ अशा जगभरच्या तीन लाटा होऊन गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये चौथी जाहीर झाली. तो ताप आपल्या हाती नाही. ओरखडा मात्र आपल्या हाती आहे, आणि तापाने खचलेल्याला ओरखडा भरून काढता येत नाही.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतो. मालवणात या व्यवसायावर आज अनेक घरे चालतात. अभयारण्याची घोषणा झाली तेव्हा मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी तिला विरोध केला. त्यांची बाजू चुकीची होती असे मी म्हणणार नाही, कारण पोटाचा प्रश्न त्यांचा होता. त्याच घरांतली मुले आज प्रशिक्षक आहेत, नावा चालवतात, न्याहारी-निवास चालवतात. शहरात जाऊन मालमोटारी भरण्यापेक्षा हे कितीतरी बरे. परंतु एखाद्या कारखान्याचा ताळेबंद वाचावा तसा मी हा व्यवसाय वाचतो, तेव्हा एक रकाना रिकामा दिसतो. चिंचोळीतला कोणताही टॉवेल कारखानदार यंत्रमागाच्या घसाऱ्याची तरतूद केल्याशिवाय नफा काढत नाही. केली नाही तर आम्ही त्याचे कर्ज नूतनीकरण करीत नसू. मालवणला नावेचा घसारा धरतात, टाकीचा धरतात, इंजिनाचा धरतात. ज्याच्या दर्शनासाठी गिऱ्हाईक येते त्या खडकाचा कोणी धरत नाही. व्याज म्हणून जे वाटले जाते, त्यात दरवर्षी थोडे मुद्दल निघून जाते.

उपाय अवघड नाहीत. नांगर टाकण्याऐवजी कायमचे बोये बांधून नावा त्यांना अडकवाव्यात. एका वेळी एका जागी मोजकीच माणसे उतरवावीत. नवख्याला खडकावर नव्हे, वाळूच्या तळावर सराव द्यावा. नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज सिंधुदुर्गच्या समुद्रात तळाशी बसवून पर्यटकांसाठी कृत्रिम खडक करण्याची योजना शासनाने आखली, तिच्यामागेही जिवंत खडकांवरचा भार हलका करण्याचा विचार आहे, आणि तो मला पटतो. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठार आहे. तेथले प्रवाळ गर्दीपासून दूर असल्याने टवटवीत आहेत असे पाहून आलेले सांगतात. माझ्या वयाला ती मजल झेपणारी नाही. तेथे नावांची रांग लागू नये, एवढीच इच्छा.

दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी पैसे ठरविण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नाव बोयाला बांधता की नांगर टाकता? पाव टाकता का? आणि उतरण्याआधी उथळ पाण्यात किती वेळ शिकवता? आपला व्यापारी माणूस शंभर रुपये कमी करण्यासाठी जेवढा वेळ घासाघीस करतो, तेवढ्या वेळात हे तिन्ही प्रश्न विचारून होतात, आणि दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्यासाठी सोय आपोआप होते. आणखी एक गोष्ट सोलापूर-कोल्हापूरकडच्या मंडळींसाठी. बुडी मारून लगेच घाट चढू नये. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. विमानप्रवासाआधी एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावे असा संकेत आहे. फोंडा घाटाचा माथा आणि पुढचे पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरांवर असल्याने तोच नियम आपणही पाळावा. शेवटच्या बुडीनंतरची रात्र मालवणातच काढावी. घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवले तर सूर्यास्तापूर्वी गरम आंबोळी आणि नारळाच्या रसातली काळ्या वाटाण्याची उसळ, कांदा-लसणाशिवाय, मिळते.

गेल्या माघात त्या मुलाला मी माझी तीन चित्रे दाखविली. त्याने ती बराच वेळ पाहिली. ती जागा त्याला न सांगताच ओळखू आली. मग त्याने एका बोयाला साखळीसकट किती खर्च येईल ते बोटांवर मोजायला सुरुवात केली. मी खिशातून कागद काढला. एका नावेचे दिवसाचे प्रवासी, मोसमाचे दिवस, माणशी वीस रुपये. गुणाकार त्याने केला, मी तपासला. दोन बोयांचे पैसे एका मोसमात निघत होते. ‘‘आमच्या नाखव्याक ह्यो कागद दाखवतंय,’’ असे म्हणून त्याने तो घडी घालून टाक्यांच्या खोलीतल्या फळीवर, पान्याखाली ठेवला.